मीठ धरण्याआधीचं पाणी

आणि मला नुसतं पाणी म्हणायचास ना तू बाबा, एका जागी न थांबणारं, ते मी एक वेळ मान्य केलं असतं. पण गप्प बसायला मला तूच शिकवलंस, आणि त्याचा दोष कधी स्वतःकडे घेतला नाहीस. घेणार कसा, त्याच्या आधीच गेलास. तेरा वर्षं झाली. तेरा वर्षं मी तुझ्याशी मनातल्या मनात हेच भांडण भांडतोय आणि दर वेळी तूच जिंकतोस, कारण तू उत्तर देत नाहीस. आज कागदावर भांडतो. माझं अक्षर तुला माहीत आहे, सहावीनंतर सुधारलेलं नाही. लागेल तसं वाच.

रविवारी ताईचा फोन आला. मी ड्यूटीवर होतो. हल्ली मी बंगळुरूला असतो, एका संशोधनाच्या संस्थेत, कंत्राटावर. आलेलो एसीचे पाइप बसवणाऱ्यांबरोबर पंधरा दिवसांसाठी, ते गेले आणि मी राहिलो. बाटल्या धुतो, त्या मोठ्या प्रेशर कुकरसारख्या मशीनमध्ये वाफवतो, पेशी वाढवायची गरम कपाटं असतात ती पुसतो, त्यांच्या तळाला पाण्याची थाळी असते ती भरतो. दीड वर्ष झालं. एवढा मी कुठेच टिकलेलो नाही. कुरियरवाल्याकडे चार महिने, कल्याणला मोबाइलच्या दुकानात सहा. तर ताई म्हणाली, "काय रे, इडलीसारखा गोल झालास का तिकडे?" मी म्हटलं, "तू सांग, काय काम काढलंस?" कारण असंच म्हणून फोन करणारी आपली ताई नाही.  मग म्हणाली, "मानेला गाठ आलीय. कानाच्या खाली. दुखत वगैरे नाही."

मी विचारलं कधीपासून. म्हणाली, झाले दोन-तीन महिने. नौपाड्यात ज्या साडीच्या दुकानात ती कामाला आहे, त्याच्या बाजूच्या डॉक्टरला दाखवून आली होती. एकटीच. तो म्हणाला, सुई घालून बघायला पाहिजे. "मग?" "मग काय मग? टिटवाळ्याचं स्थळ आलंय ना. साखरपुडा होऊ दे, मग बघते. त्यांच्यासमोर मानेला पट्टी लावून बसू काय?" आणि मग, फोन ठेवता ठेवता, "आईला बोलू नकोस हां."

बाबा, शब्द तुझेच. जागाही तुझीच, कानाच्या खाली. मी तिथेच त्या बाटल्यांच्या खोलीत एका पालथ्या बादलीवर बसलो आणि मला खरंच वाटलं की तू फोनवर होतास.

तुला आठवतं का ते माहीत नाही, मला रोज आठवतं. मिठागरावरून परत यायच्या आधी तू गोड्या पाण्याच्या टाकीपाशी उघडा बसायचास आणि मी तांब्याने तुझ्या पाठीवर पाणी ओतायचो. पाठीवरचं मीठ पांढरं दिसायचं आणि पाणी पडलं की नाहीसं व्हायचं. मला ते फार आवडायचं, तुला पुसून नवा केल्यासारखं. एक दिवस मान चोळताना हाताला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, कडक, कातडीच्या आत. मी विचारलं, "बाबा, हे काय?" तू हात लावून बघितलंस, म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं, कारण शोधावं नाही लागलं. "मीठ चढलंय. सुजलाय जरा. जाईल." आणि चड्डीवरची माती झटकत, "आयला बोलू नको. तिला झोप लागनार नाय." दोन दिवसांनी तू मला बॅट आणून दिलीस. वाढदिवस नव्हता, पास झालो नव्हतो, काहीच नव्हतं. अकरा वर्षांचा होतो मी, पण एवढं कळत होतं की ही बॅट कशाची आहे. वैशाखातसुद्धा तू मानेभोवती टॉवेल गुंडाळायला लागलास. लोक हसायचे, तू म्हणायचास, घाम येतो. दिवाळीला तुला करंजी गिळेना. मग ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरने आईलाच विचारलं, इतका उशीर का केला? आई भिंतीला टेकून म्हणत राहिली, "मना कोनी सांगितला कसा नाय? मना कोनी सांगितला कसा नाय?" मी बाजूलाच उभा होतो. बॅट घरी पलंगाखाली होती. त्या बॅटीने मी पुन्हा कधी खेळलो नाही, आणि आईला वाटलं पोराला खेळात रस नाही, कशातच रस नाही, बापासारखा एका कामाला चिकटून राहणारा नाही.

हे मी बादलीवर बसून आठवत होतो, आणि त्या नादात एक काम राहिलं. त्या गरम कपाटातली थाळी. शनिवारीच मला पाणी कमी दिसलेलं, म्हटलं रविवारी भरू. रविवारी हा फोन. सोमवारी संध्याकाळी दार उघडलं तर थाळी कोरडी खडखडीत. आत त्या छोट्या छोट्या काचेच्या बशा, प्रत्येकीत चमचाभर पातळ खाऊ आणि त्यात पेशी. हात लावायच्या आधीच मला कळलं काय झालंय. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण मी मिठागरवाल्याचा मुलगा आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. झाकण असलं तरी बशीतलं पाणी उडालं असणार आणि उरलेलं खारट झालं असणार. त्या चार मजली इमारतीत हे माझ्यापेक्षा लवकर कोणाला समजलं असतं? मी थाळी भरली, दार लावलं आणि गप्प बसलो. बघ, किती सराव आहे मला.

त्या बशा एका मॅडमच्या होत्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, डॉक्टर होणार आहे पण औषधाची नव्हे, अभ्यासाची. आमची ओळख झाली ती वाफेच्या मशीनने माझा हात भाजला तेव्हा. मी मशीनला आईवरून काहीतरी बोललो, आणि मागून आवाज आला, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं ठाकुर्ली. ती हसत म्हणाली, "मी नौपाड्याची. म्हणजे गाववालेच आपण." मी म्हटलं, "मॅडम, नौपाड्याची माणसं ठाकुर्लीला गावात धरतात हे आज कळलं." तेव्हापासून मला दादा म्हणते आणि अहो-जाहो करते, पुस्तकातल्यासारखं बोलते.

मंगळवारी तिने मला हाक मारून बोलावलं. "दादा, या, या, बघा तर." अंधाऱ्या खोलीत मोठा पडदा, त्यावर हिरवे ठिपके चमकत होते, रश्श्यावर तेलाचे डोळे येतात तसे. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो पण कान तापले होते. म्हणाली, पेशीच्या आत असे थेंब असतात. त्यांना पिशवी नाही, भिंत नाही, तरी वेगळे राहतात, पाण्यात तेल राहतं तसे. एका पेशीच्या दोन व्हायची वेळ आली की यातले बरेच थेंब विरघळून जातात, आणि दोन होऊन झाल्या की परत जमतात. "आणि आज बघा, विरघळतच नाहीयेत! पेशी अडकून बसल्यात. मी जे औषध घातलं त्याने झालं असणार." तिचा चेहरा उजळलेला. तिने तिच्या सरांना फोनसुद्धा केला. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं पण. बाहेर आलं ते, "छान दिसतंय मॅडम." बुधवारी तिने तेच परत मोजायला घेतलं, जेवायलाही गेली नाही. मी तिच्यासाठी चहा नेऊन ठेवला. तुझ्या बॅटीसारखा चहा.

गुरुवारी मला राहवलं नाही. धाडस वगैरे काही नव्हतं, भीतीच होती, फक्त दुसरी भीती मोठी झाली. दाढी करताना रोज माझा हात कानाखाली जातो, तसा गुरुवारीही गेला, आणि मला वाटलं आहे. काहीतरी आहे. मग वाटलं नाही. मग परत वाटलं आहे. पाण्याचा नळ चालू, अर्ध्या गालाला साबण, आणि मी मान चाचपत उभा. दाराबाहेर खोळंबलेले खोलीवरचे तिघं ओरडायला लागले, "अंदर सो गया क्या?" तसाच साबण पुसून कामावर गेलो आणि मॅडमला सांगितलं, थाळी सुकली होती.

ती काही ओरडली नाही. खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "कधी?"

"शनिवारी कमी दिसलेली. रविवारी भरणार होतो. सोमवारी बघितली तर कोरडी."

"आणि आज गुरुवार."

"हो."

"दादा, थाळी सुकली हे मी समजू शकते. माणूस विसरतो. हे मधले तीन दिवस मला समजत नाहीत."

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, कामावरून काढा. ती म्हणाली, "काढून काय करू? उद्यापासून थाळ्या कोण भरणार?" आणि मग पडद्याकडे वळली. मला वाटलं रडेल. पण ती हळूहळू वेगळंच बोलायला लागली, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना. म्हणाली, बाहेर खारट झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आकसते, आतली सगळी दाटी होते, आणि दाटी एका हद्दीच्या पलीकडे गेली की थेंब धरतात. आणि दाटी आहे तोवर सुटत नाहीत.

बाबा, मी हसलो तिथे. त्या वेळेला हसायला नको होतं. तिने विचारलं काय झालं, तर मी तिला तुझं सांगितलं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं न्यायचास, आणि शेवटच्या वाफ्याशी मला बसवून म्हणायचास, हात घाल. काय लागतंय? मी म्हणायचो, पानी. चार दिवसांनी परत, हात घाल. आता बोटांना तेलासारखं बुळबुळीत लागायचं. दिसायला तसंच पाणी, एक कणही नाही. तू म्हणायचास, "आता धरील. उद्या नायतर परवा." आणि धरायचं. सकाळी जाऊन बघावं तर पाण्यावर पातळ साय आलेली, आणि तू लगेच लाकडी फळीने हलवायला लागायचास, कारण हललं नाही की सगळं एकत्र बसून दगड होतो, मग कुदळीने फोडा. ते ऐकून मॅडम म्हणाली, "तुमच्या वडिलांना हे बोटांना कळायचं. आमच्याकडे याला एवढी मोठी मशीन लागते." तुला सांगतो, मला इतका अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली, कारण पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर आलेला होता.

मी विचारलं, "हे थेंब वाईट असतात का?" ती म्हणाली, "छे. ते नसतील तर पेशीचं चालणारच नाही. कामाच्या गोष्टी एका ठिकाणी गोळा करून ठेवतात. पेशी दोन होताना धागे ओढणारी जी गाठोडी असते ना मधे, तीसुद्धा अशीच जमते असं म्हणतात. जमायचं तेव्हा जमलं पाहिजे आणि सुटायचं तेव्हा सुटलं पाहिजे, एवढंच." आणि नाही सुटले तर? "तर वाटणी चुकते. एकीला जास्त जातं, एकीला कमी. बहुतेक वेळा अशी पेशी मरून जाते." आणि नाही मेली तर? ती माझ्याकडे बघायला लागली. "तर चुकलेलीच वाढत राहते कधी कधी. दादा, तुम्ही हे का विचारताय?"

माझा हात मानेवर होता. मी खाली घेतला. म्हटलं, बहिणीला गाठ आहे. वडिलांना होती.

तिने मला काही खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं आणि आवडलंही नाही. म्हणाली, "मी त्यातली डॉक्टर नाही. वाटणी चुकण्यातून गाठ सुरू होऊ शकते, पण मानेला गाठ यायला शंभर साधी कारणं असतात. इथले थेंब बघून तुमच्या बहिणीचं मी काहीच सांगू शकत नाही. सुई सांगेल. सुईने चार पेशी काढतात आणि माझ्यासारखंच कोणीतरी काचेखाली बघतं. थांबलात कशाला?" मी म्हटलं, साखरपुड्याला.  ती उठून बशा कचऱ्याच्या पिशवीत टाकायला लागली, एकेक करून. पाठमोरी म्हणाली, "माझं मी परत लावीन. तीन आठवडे जातील, जाऊ देत. हे परत लावता येतं."

तुझा जो एक राग मला कायम आठवतो तो उघाडीचा. खाडीचं पाणी आत घ्यायची बांधातली ती फळी भरतीच्या आधी खाली बसवायचं काम तू मला दिलं होतंस आणि मी रुळाकडे पळालो, कोणीतरी सांगितलं होतं की नवीन रंगाची गाडी येणार आहे म्हणून. परत आलो तर खाडीचं पाणी आत आलेलं आणि तयार झालेलं मीठ त्यात गेलेलं, सगळं, जसं कधी नव्हतंच. तू मारलं नाहीस. वाफ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून म्हणालास, "तू नुसता पानी हायस. पानी एका जागी बसल्याबिगर मीठ होत नाय." मी इतकी वर्षं तेच धरून बसलोय, की मी पळणारा आहे आणि तू थांबणारा. पण तूही पळालासच की. टॉवेलाच्या आत पळालास. फळी उघडी आहे हे तुला दिसत होतं आणि तू मला सांगितलंस, कोणाला बोलू नको.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आईला फोन लावला. गच्चीवर गेलेलो, दोनदा चुकून दुसऱ्यालाच लागला. सांगितलं. ताईला गाठ आहे, कानाखाली, डॉक्टर सुई घालायला सांगतोय.   आई म्हणाली, "मना ठावं हाय."

"कसं काय?"

"महिना झाला, केसांना तेल लावून घेत नाय माझ्याकडून. बोलते, दुकानात उशीर होतो. मी काय बोळ्यानं दूध पिते?"

"मग बोलली का नाहीस तिला?"

"साखरपुडा हाय ना तिचा. तो झाला की बोलनार होते."

बाबा, बघ तुझं घर. दहा बाय बाराच्या खोलीत दोघी समोरासमोर बसून जेवतात, एकीला माहीत, दुसरीला माहीत, आणि मधे ते टिटवाळ्याचं स्थळ. मला रडू यायला लागलं तर आई म्हणते, "आनि तू कधीपासून बोलायला लागलास रं? तुझ्या बापावर गेलेलास ना?" मी म्हटलं, आई, साखरपुड्यानंतर नाही, आत्ता. ती म्हणाली, "मंगलवारी घेऊन जाते मी तिला. दुकानाला सुट्टी टाकायला लावते. आनि ज्याला मानंची पट्टी बघवत नाय, त्याच्या घरात मना पोर द्यायची नाय. त्यांना काय सांगायचं ते मी बघीन." मग अगदी बारीक आवाजात, "तू येतंस?"

मी म्हटलं, रजा मिळणार नाही.

हे खोटं आहे. रजा मी विचारलेलीच नव्हती. संध्याकाळी ताईचा मेसेज आला, एकच शब्द, "चुगलखोर." त्याच्या खाली थोड्या वेळाने, "सुई दुखते का रे? तुझ्या मॅडमला विचार." मी विचारलं. थोडीशी, म्हणाली, इंजेक्शनइतकी. मी ताईला लिहिलं, मुंगी चावल्यासारखी. तिने लिहिलं, "तुला काय माहीत, तुला घातलीय का?" आता तिला कसं सांगू की रोज सकाळी आरशासमोर मी मनातल्या मनात स्वतःला घालून बघतो.

मला कशाची भीती वाटते सांगू? सुईची नाही. त्या दवाखान्यातल्या बाकाची. आई भिंतीला टेकून उभी राहील, कोणीतरी कागद घेऊन बाहेर येईल, आणि मी परत बाजूला उभा असेन. त्या बाकापासून लांब राहायचं म्हणून तर मी इतकी गावं बदलली असं आता वाटतं. इथे बरं आहे, इथे ज्याच्यात चूक होते ते काचेच्या बशीत असतं आणि पिशवीत टाकता येतं. आणि दुसरी भीती अशी की आईला ताईचं सांगितलं, पण तुझं अजून नाही सांगितलं. मला अकराव्या वर्षी माहीत होतं, तू बॅट दिलीस, मी घेतली. हे फोनवर सांगायचं नाही. समोर बसून सांगायचं आहे, आणि समोर बसायला इथून उठावं लागतं.

हे तुला पाठवायचा प्रश्नच नाही. तुझा पत्ता म्हणजे खाडी, आणि तिथेही आता भराव घालून पत्रे ठोकलेत. घडी करून पाकिटात ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. रविवारच्या गाडीचं कल्याणपर्यंतचं तिकीट मी काढलंय. आईला सांगितलेलं नाही, ताईला नाही, मॅडमला नाही, कारण गाडीत चढेन की फलाटावरूनच परत येईन हे मला अजून ठाऊक नाही. ताईला सुईच्या खर्चाला दहा हजार पाठवतो म्हणालेलो. ती कमी का म्हणून विचारेल, तेव्हा बहुतेक बोलावंच लागेल. तिकिटाचे वजा जाऊन आज पाठवतोय ते नऊ हजार दोनशे साठ.